संगणक सुरू होता होता का थांबतो?

वैद्य रोग्याची नाडी पाहतो, ताप केव्हा चढतो व केव्हा उतरतो हे विचारतो आणि मगच औषधाची पुडी बांधतो. यंत्राच्या बाबतीत मात्र आपण हा क्रम बहुधा उलटा करतो. घरातील किंवा शाळेतील संगणक मध्येच बंद पडू लागला की कोणीतरी सांगतो, "सिस्टिम नव्याने टाका." मग इन्स्टॉलेशनची चकती आणली जाते, यंत्रात घातली जाते, आणि पाहावे तो ती चकती वाचता वाचताच यंत्र पुन्हा बंद पडते! पडदा काळा होतो, किंवा निळा होऊन त्यावर अनाकलनीय अक्षरे उमटतात, किंवा यंत्र आपणहून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. औषधाचा पहिला घोटच रोग्याच्या घशाखाली उतरू नये, अशी ही अवस्था. येथे पुष्कळ जण हात टेकतात. परंतु नीट विचार केला तर याच क्षणी यंत्राने आपल्याला एक मोलाची गोष्ट सांगितलेली असते. ती कोणती, आणि तिच्या आधारे दोषाचा माग कसा काढावा, हे विद्यार्थिमित्रांपुढे मांडण्याचा आमचा प्रस्तुत लेखात हेतू आहे.

विषय केवळ कुतूहलाचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित आधार संपला, आणि 'विंडोज ११' ही पुढची प्रणाली कितीतरी जुन्या यंत्रांना आपल्या पंक्तीला बसू देत नाही. त्यामुळे शाळांतून, दुकानांतून व घरांतून धडधाकट यंत्रे अडगळीत पडण्याच्या मार्गावर आहेत. त्यांवर लिनक्सच्या कुळातील एखादी प्रणाली, उदाहरणार्थ डेबियन, उबुंटू किंवा आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने तयार केलेली 'बॉस', घातली तर ती आणखी काही वर्षे लेखन-वाचनाच्या व अभ्यासाच्या कामी येऊ शकतात. मात्र त्यासाठी इन्स्टॉलेशनची चकती शेवटपर्यंत चालली पाहिजे. ती मध्येच अडली आणि का अडली हे शोधणारा कोणी नसला, तर बिघडलेला असतो एक लहानसा भाग आणि भंगारात जाते सबंध यंत्र.

'बूट' या शब्दाची कुळकथा

संगणक सुरू होण्याला 'बूट होणे' असे म्हणतात. आपल्याच बुटांचे बंद धरून आपणच आपल्याला वर उचलावे, अशा अर्थाच्या एका इंग्रजी वाक्प्रचारातून हा शब्द आला आहे. अडचण खरोखरच तशी विचित्र आहे. संगणकाला कोणतेही काम करावयाचे तर प्रोग्राम लागतो. चकतीवरून प्रोग्राम वाचून घेणे हेही एक कामच आहे. मग वाचण्याचा तो पहिला प्रोग्राम वाचावा कोणी?

आपल्या हैदराबादेला हा प्रश्न नवा नाही. ११ एप्रिल १९६७ रोजी अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. बसच्या पाटीवर आपण 'ई. सी. आय. एल.' असे जे वाचतो, ते तिचेच नाव. आणि तिच्या शेजारचे ए. एस. राव नगर हे तिचे शिल्पकार डॉ. अय्यगारी सांबशिव राव यांच्या नावाचे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात आखलेला 'टी. डी. सी.-१२' हा १२ बिटांचा संगणक १९६९ साली तयार झाला, आणि या संस्थेने तो बांधून इतरांना पुरविला. त्या पिढीच्या लहान संगणकांत सर्वसाधारण रीत अशी असे की, चालकाने दर्शनी फळीवरील बटणे वरखाली करून काही थोड्या सूचना हाताने स्मृतीत भराव्यात. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरचा मोठा प्रोग्राम वाचून घेणे, एवढेच त्या सूचनांचे काम. मग त्या मोठ्या प्रोग्रामने पुढचा कारभार हाती घ्यावा. एक बटण चुकले तरी पुढचे सारे अडत असे. पण आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे चालकाला प्रत्यक्ष दिसत असल्यामुळे चूक शोधणेही सोपे जाई. आज तीच शिडी यंत्र काही क्षणांत आपणहून चढते. पायऱ्या दिसेनाशा झाल्या, एवढाच फरक.

पाच पायऱ्या

बिघाड शोधणाऱ्याने या पायऱ्या तोंडपाठ कराव्यात, अशी आमची शिफारस आहे.

पहिली पायरी यंत्राच्या आत्मपरीक्षणाची. बटण दाबताच मुख्य फळीवरील एका चिपमध्ये कायम साठवलेला छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायॉस म्हणतात. नव्या यंत्रांत त्याची जागा यू. ई. एफ. आय. ने घेतली आहे. तो स्मृती, कळफलक, पडदा इत्यादींची हजेरी घेतो. येथेच काही बिनसले तर पडद्यावर काहीच उमटत नाही. कित्येक यंत्रे मात्र ठराविक 'बीप' वाजवून आपले दुखणे सांगतात. हा आवाज मोजून लिहून ठेवावा, कारण त्याचा अर्थ यंत्राच्या माहितीपुस्तकात सापडतो.

दुसरी पायरी शोधाची. हजेरी संपली की तोच प्रोग्राम ठरवून दिलेल्या क्रमाने पाहू लागतो, की पुढचा प्रोग्राम कोठे आहे: चकतीवर, पेन ड्राइव्हवर, की हार्ड डिस्कवर? थेट सीडीवरून बूट होण्याची सोय पूर्वी सर्वत्र नव्हती. त्यासाठी 'एल तोरितो' नावाचा संकेत १९९५ साली ठरला. तोपर्यंत बहुधा आधी फ्लॉपी घालावी लागे. यंत्र या पायरीवर अडले तर ते चकतीकडे ढुंकूनही न पाहता जुनीच प्रणाली उघडते, किंवा बूट करण्याजोगे काही सापडले नाही असे सांगते. येथे बहुधा बूटचा क्रम बदलावयाचा असतो. आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे, इंटरनेटवरून उतरविलेली 'आय. एस. ओ.' फाइल चकतीवर साध्या फाइलीसारखी नुसती ठेवलेली असते. ती 'इमेज' म्हणून लिहावी लागते, तरच तिच्यातील मांडणी चकतीवर उलगडते. नव्या यंत्रांत 'सिक्युअर बूट' नावाचा पहारेकरीही असतो. ज्या चकतीवर मान्य सही नाही, तिला तो दारातूनच परत पाठवितो.

तिसरी पायरी भारवाहकाची. चकतीवरचा एक लहान प्रोग्राम मेनू दाखवितो आणि प्रणालीचा गाभा, ज्याला 'कर्नेल' म्हणतात, तो चकतीवरून उचलून स्मृतीत आणून ठेवतो. मेनू दिसला, याचा अर्थ पहिल्या दोन पायऱ्या पार पडल्या. आता ड्राइव्ह घरघर करीत थांबून थांबून फिरू लागला किंवा वाचनदोषाचा संदेश आला, तर संशय चकतीवर किंवा ड्राइव्हवर घ्यावा.

चौथी पायरी ओळखपरेडीची. कर्नेल जागे होते आणि यंत्राच्या प्रत्येक भागाची विचारपूस करते: प्रोसेसर कोणता, पडदा कसा चालवावयाचा, डिस्क कोठे जोडली आहे. मेनूत निवड करताच यंत्र काळे पडणे, निळे होणे किंवा पुन्हा सुरू होणे हे प्रकार बहुधा येथे घडतात.

पाचवी पायरी प्रत्यक्ष कामाची. इन्स्टॉलेशनचा प्रोग्राम चालू होतो, भाषा विचारतो आणि चकतीवरील दाबून भरलेल्या फाइली उलगडू लागतो. स्मृती आणि प्रोसेसर यांच्यावर खरा ताण येथे पडतो.

यावरून पहिला नियम निघतो: यंत्र ज्या पायरीवर थांबले, तिच्या अलीकडच्या पायऱ्यांवर प्रथम वेळ घालवू नये. मेनूपर्यंत सुखरूप पोहोचणाऱ्या यंत्राचा बूटक्रम पुन्हा पुन्हा बदलीत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

चकती दोषी की यंत्र?

आता आरंभी म्हटलेल्या त्या मोलाच्या गोष्टीकडे वळू. चकतीवरून बूट होताना हार्ड डिस्कवरची जुनी प्रणाली झोपलेली असते. तिच्यातील एकही ओळ त्या वेळी चालत नाही. तेव्हा यंत्र जुन्या प्रणालीतही बंद पडत होते आणि चकतीवरूनही बंद पडते, असे असेल, तर दोष जुन्या प्रणालीत असण्याचा संभव फार कमी. तो चकतीत तरी असेल, यंत्राच्या शरीरात तरी असेल, किंवा त्या दोघांचे एकमेकांशी जुळत नसेल. तोवर प्रणाली नव्याने टाकण्याचा आग्रह धरणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

या तिघांपैकी कोण, हे ठरविण्यास उलटसुलट परीक्षा करावी. संशयित चकती दुसऱ्या चांगल्या यंत्रात घालून पाहावी, आणि चांगली ठरलेली दुसरी चकती या यंत्रात घालावी. पहिली तेथेही अडखळली आणि दुसरी येथे नीट चालली, तर दोष चकतीचा. पहिली तेथे चालली आणि दुसरी येथेही बंद पडली, तर दोष यंत्राचा. दोन्ही चालल्या, तर चकती व यंत्र सुटेसुटे चांगले, पण एकमेकांस अनुरूप नाहीत. दोन्ही ठिकाणी अपयश आले, तर दोष एकाहून अधिक असू शकतील. या परीक्षेत काही नवीन विकत घ्यावे लागत नाही. सिकंदराबादेच्या पार्क लेनवरील चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये संगणकाचे सुटे भाग मिळतात हे खरे. पण कोणता भाग हवा हे ठरल्यावर तेथे जाणे शहाणपणाचे.

चकतीची तपासणी दोन प्रकारे करावी. एक, तिच्यावरील मजकूर मुळाबरहुकूम आहे का? प्रणाली देणाऱ्या संस्था आय. एस. ओ. फाइलीबरोबर तिचा एक 'ठसा' प्रसिद्ध करतात. 'शा-२५६' पद्धतीचा ठसा ६४ अंकाक्षरांचा असतो, आणि मूळ फाइलीत एक बिट जरी बदलला तरी सारा ठसा बदलून जातो. आपल्या फाइलीचा ठसा काढून तो ताडून पाहावा. दोन, चकती स्वच्छ आहे का? सीडीवरील माहिती आतून बाहेर उलगडणाऱ्या नागमोडीसारख्या एकाच चक्राकार वाटेवर लिहिलेली असते. म्हणून मऊ कापडाने पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल गोल पुसू नये. आडवा ओरखडा वाटेचा थोडाच भाग खातो आणि तेवढी तूट दुरुस्त करण्याची सोय सीडीच्या मांडणीत असते; वाटेच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र लांबलचक मजकूर एकदम बुडवितो. नवी चकती लिहिताना गती कमी ठेवावी. शक्य असेल तर तीच इमेज पेन ड्राइव्हवर लिहून पाहावी. ती चालली की ड्राइव्ह आणि चकती एवढेच दोन संशयित उरतात.

एकाच ठिकाणी की निरनिराळ्या ठिकाणी?

चकती निर्दोष ठरली तर तोच प्रयोग तीन वेळा करावा, आणि यंत्र प्रत्येक वेळी कोठे थांबते हे मिनिटांसह लिहून ठेवावे. या साध्या नोंदीत अर्धे निदान असते.

यंत्र दर वेळी अगदी त्याच जागी थांबत असेल, तर सामान्यतः कारण ठरीव असते: एखादी सेटिंग, न जुळणारा ड्रायव्हर किंवा चकतीवरची तीच एक नासकी जागा. ते कधी येथे, कधी तेथे थांबत असेल, तर स्मृती, उष्णता किंवा वीजपुरवठा यांच्याकडे वळावे.

स्मृती म्हणजे रॅम. तिच्यातील एखादाच कण लहरी झाला तर रोजच्या कामात तो महिनोन् महिने लपून राहू शकतो. इन्स्टॉलेशनच्या वेळी मात्र दाबून भरलेल्या फाइली स्मृतीत उलगडाव्या लागतात आणि एक बिट चुकला तरी उलगडा फसतो. मग पडद्यावर 'फाइल खराब आहे' असा संदेश येतो आणि आपण बिचाऱ्या चकतीला दोष देतो. संदेशात ज्याचे नाव येते तो पुष्कळदा फिर्यादी असतो, आरोपी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. रॅम तपासण्यास 'मेमटेस्ट८६+' हा विनामूल्य प्रोग्राम आहे. लिनक्सच्या काही चकत्यांच्या मेनूतच तो असतो. त्याची निदान एक पूर्ण फेरी होऊ द्यावी. रात्रभर चालविल्यास उत्तम. एकही चूक दाखविली तरी ती रॅम संशयास्पद समजावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. पट्टीचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलकेच पुसून, कण झटकून पुन्हा घट्ट बसविल्याने बरे झालेले रोगी दुरुस्तीच्या दुकानांत नित्य पाहावयास मिळतात.

उष्णतेचे म्हणाल तर, हैदराबादचा मे महिना आपल्या परिचयाचा आहे. पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्यातच प्रोसेसरवरच्या पंख्यात व धातूच्या पात्यांत वर्षानुवर्षांची धूळ साचलेली असते. प्रोसेसरचे तापमान शंभर अंशांच्या आसपास पोहोचले की पुष्कळ यंत्रे स्वतःचा बचाव करण्यासाठी तडक बंद होतात. बायॉसच्या पानावर बहुधा हे तापमान दिसते. थंड यंत्र अर्धा तास चालते आणि गरम यंत्र पाच मिनिटांत थांबते, अशी नोंद मिळाली की मऊ ब्रश हाती घ्यावा. वीजपुरवठ्याची पेटी थकली असेल तर ड्राइव्ह व प्रोसेसर एकदम काम मागू लागताच यंत्र कोसळते. त्याची परीक्षा दुसरी चांगली पेटी लावूनच करावी. येथे एक कडक इशारा: यंत्र उघडण्यापूर्वी तार भिंतीतून काढावी, उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी, आणि वीजपुरवठ्याची पेटी स्वतः कधीही उघडू नये. तार काढल्यावरही तिच्यात घातक विद्युत्‌भार राहतो. ही कामे शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावीत.

दोघेही चांगले, पण जुळेना

कधी कधी चकतीही चांगली आणि यंत्रही चांगले, तरी मेळ बसत नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण 'विंडोज एक्सपी'चे. ही प्रणाली २००१ साली बाजारात आली. पुढे हार्ड डिस्क जोडण्याची 'साटा' पद्धत आणि तिची 'ए. एच. सी. आय.' ही नवी रीत रूढ झाली. जुन्या चकतीला या रीतीचा पत्ताच नव्हता. म्हणून नव्या यंत्रात ती चकती घातली की सुरुवातीच्या फाइली चढत, आणि खरे काम सुरू होण्याच्या क्षणी शेवटी '७बी' असलेल्या सांकेतिक अंकाचा निळा पडदा उभा राही. यंत्र बिघडले असे समजून कित्येकांनी डिस्का बदलल्या. वास्तविक उपाय दोन मिनिटांचा होता: बायॉसमध्ये जाऊन डिस्कची रीत जुन्या 'आय. डी. ई.' पद्धतीवर आणणे, किंवा नवा ड्रायव्हर वेगळ्या फ्लॉपीवरून पुरविणे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला असल्यामुळे आज ती कोणी नव्याने घालू नये. परंतु धडा आजही ताजा आहे. चकती ज्या वर्षी तयार झाली, त्यानंतरच्या यंत्राची तिला ओळख असेलच असे नाही.

याची उलट बाजूही आहे. ३२ बिटांच्या जुन्या प्रोसेसरवर ६४ बिटांची चकती चालत नाही. डेबियनच्या ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या साध्या पीसीसाठी इन्स्टॉलेशनची चकतीच मिळेनाशी झाली. तेव्हा चकती निवडण्यापूर्वी प्रोसेसरची जात पाहावी. तसेच मेनूनंतर पडदा काळा पडत असेल, तर पडद्याच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा संशय घ्यावा. लिनक्सच्या मेनूत 'सेफ ग्राफिक्स' अशी निवड असल्यास ती करून पाहावी.

हार्ड डिस्कची काळजी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्राचा भाग पुन्हा मिळतो. हार्ड डिस्कवरचे वडिलांच्या दुकानाचे हिशेब, ताईच्या लग्नाची छायाचित्रे, आजोबांच्या आवाजाची ध्वनिफीत यांपैकी काहीही बाजारात मिळत नाही. इन्स्टॉलेशनचा प्रोग्राम डिस्क पुसून नवी मांडणी करतो. त्यानंतर यंत्र मध्येच कोसळले तर जुनी प्रणाली गेलेली असते आणि नवी आलेली नसते. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले! म्हणून जोवर कोसळण्याचे कारण सापडले नाही, तोवर डिस्कला हात लावण्यास परवानगी देणारा 'पुढे चला' कदापि दाबू नये. तपासणीपुरती हार्ड डिस्कची तार काढून ठेवणे सर्वांत उत्तम. त्याने माहिती सुरक्षित राहते, आणि निदानासही मदत होते. कारण मरणपंथाला लागलेली डिस्क ओळखपरेडीत उत्तर न दिल्यानेही चौथ्या पायरीवर यंत्र खोळंबू शकते. तार काढताच चकती सुरळीत चालली, तर गुन्हेगार सापडला. आणि त्याच्यावरील माहितीची प्रत तातडीने काढून घ्यावयास हवी, हेही कळले.

शेवटी एक सूचना. एका वेळी एकच बदल करावा, तो लिहावा, परिणाम लिहावा, आणि उपयोग न झाल्यास बदल पूर्ववत् करून मगच पुढे जावे. रॅम बदलली, चकती बदलली आणि धूळही पुसली, तर यंत्र चालू होईल कदाचित. पण कशामुळे चालू झाले हे कळणार नाही, आणि पुढच्या खेपेस आपण होतो तेथेच असू. प्रयोगशाळेच्या वहीत आपण साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे चार रकाने आखतो. संगणकाच्या खोलीत तशीच एक वही असावी, आणि प्रत्येक यंत्राला तिच्यात एक पान असावे. पुढील वर्षी या इयत्तेत येणाऱ्या विद्यार्थ्यांना ती वही आयती मिळेल, आणि त्यांना आरंभच मुळी दुसऱ्या पायरीपासून करता येईल.